झेंडूची भाकरी

मित्रांनो, आधी कोणाचा किती फायदा होता ते मांडतो, मग माझी ओळख देतो.

तेजस्विनीच्या लग्नात झेंडू नावाचा कुत्रा बँडपुढे न पळता उभा राहिला, तर तेजस्विनीला परक्या घरात एक ओळखीचा जीव मिळणार होता. सासरी माणसे अकरा. तिला दुधावरची साय आवडत नाही, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. झेंडूला ठाऊक होते, कारण ती साय रोज त्याच्याच वाट्याला येई. तिच्या आईला, मालनबाईंना, लेक तिकडे अगदीच एकटी नाही एवढे समाधान मिळणार होते. वडिलांना, खंडेरावांना, फूलबाजारात मिरवायला एक गोष्ट. होणाऱ्या सासूबाईंचा, वत्सलाबाईंचा, दोन्हीकडून लाभ: कुत्रा उभा राहिला तर घराला राखण, पळाला तर त्यांचा शब्द खरा. आणि झेंडूला स्वतःला काय मिळणार होते? बँड वाजला की अर्धी भाकरी. त्याचे मागणे तेवढेच होते.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एका कॅसेटचा, एका कर्ण्याचा, वर मोडके हँडल असलेला. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते सांगता येत नाही, कारण माझ्या पाठीवर चिकटवलेला कागद पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडला. त्र्याण्णव सालच्या दसऱ्याला झेंडूची फुले चांगली गेली, म्हणून खंडेराव मखमलाबादहून नाशकात विहिरीसाठी नवी मोटर बघायला गेले आणि मेन रोडवरून मला बगलेत मारून आले.

"मोटर आणायला गेले आन् बाजा घेऊन आले," मालनबाई म्हणाल्या. "आता याच्यानं भिजवा वावर."

पण चार दिवसांत त्याच मालनबाई मला पदराने पुसू लागल्या. पडवीत बायका हार ओवायला बसत, त्यांच्या मधोमध मी असे. गवळणी, भारुडे, भजने, जे घालाल ते मी गाई. खंडेराव माझ्या डोक्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगत, "आवाज बघा कसा खणखणीत!" फीत गुंतली की तेजस्विनी पेन्सिल घालून हलक्या हाताने ती गुंडाळी. त्या घरात माझ्या पोटात हात घालायची परवानगी तिला एकटीलाच होती. पुढे सीडी वाजवणारे चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी माळ्यावर, बियाण्याच्या पिशव्यांशेजारी झाली. त्याच दिवसांत झेंडू आला. झेंडूच्याच वाफ्यात सापडलेले, तसल्याच रंगाचे पिल्लू. मी माळ्यावर, तो अंगणात. मला धूळ, त्याला साय. मी मनात धरले नाही, असे म्हणणार नाही.

झेंडूला एकच खोड होती. आवाजाचे त्याला भारी भय. दिवाळीत पहिला फटाका वाजला की तो धान्याच्या कोठीमागे शिरे आणि तेजस्विनी त्याचे दोन्ही कान दाबून तिथेच बसून राही. घरात फराळ चाले, ही कोठीमागे.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर तेजस्विनीची सुपारी फुटली. मुलगा पिंपळगाव बसवंतचा, संतोष. घरचे द्राक्षांचे पॅकहाउस, अगदी हायवेला लागून. पाहुणे चहा घेत असताना त्यांच्याच टेंपोने बाहेर फट्‌ करून आवाज काढला. झेंडू वाऱ्यासारखा आत आला, वत्सलाबाईंच्या खुर्चीखाली घुसला आणि भीतीने त्यांच्या चपला ओल्या करून बसला.

बैठकीत कोणाला हसू फुटेना, कोणाला ते आवरेना. तेवढ्यात तेजस्विनी बोलली. सुपारीत मुलीने मान खाली घालून बसायचे असते, पण ती बोलली.

"मी याला सोबत घेऊन येणार आहे."

वत्सलाबाईंनी आधी आपल्या चपलांकडे पाहिले, मग तिच्याकडे. "पोरी, आमच्याकडं दिवसभर टेंपो, ट्रॅक्टर, ट्रक. हे असलं भित्रं कुत्रं दोन दिवसात चाकाखाली जाईल. मग रडंल कोन, तूच ना?"

"नाही भिणार तो."

"नाय म्हनतेस? मग असं करू. लग्नात तुझ्याशेजारी उभा कर त्याला. शेवटचं सावधान झालं, बँड वाजला, फटाक्यांची माळ फुटली आन् जागचा हालला नाय, तर माझ्या घरात त्याला जागा. पळाला, तर तुझ्या बापाकडं. बोल."

"चालेल," तेजस्विनी म्हणाली. संतोष नुसता हसला. बैठकीत तो तेवढेच करू शकत होता.

मित्रांनो, वत्सलाबाई वाईट नव्हत्या हे आताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही सगळा दोष त्यांच्यावर ढकलून मोकळे व्हाल. त्यांनी जे भय बोलून दाखवले, ते खरे होते.

दुसऱ्याच दिवशी तेजस्विनीने मला माळ्यावरून उतरवले. माझ्या पोटात उंदराने कापूस आणून ठेवला होता, तो तिने काढला. सेलच्या टोकांवरचा गंज ब्लेडने खरवडला. मग ती मला घेऊन पंचवटीत फकिरा बँडवाल्याकडे गेली. फकिराचाच बँड तिच्या लग्नाला ठरला होता.

"लग्नाला अजून सहा महिने आहेत, ताई," फकिरा म्हणाला. "आत्ताच काय वाजवू?"

"शुभमंगल झाल्यावर वाजवता ना, तेच. माझ्या कुत्र्याला ऐकवायचंय."

फकिराने क्लॅरिओनेट मांडीवर ठेवले. "आजवर माणसं झोपेतून उठून भांडायला आली, वाजवणं बंद कर म्हणून. कुत्र्यासाठी ऑर्डर पहिलीच. चला रे, नीट वाजवा. पाहुणा मोठाय."

त्यांनी मन लावून वाजवले आणि मी मन लावून ऐकले. घरी आल्यावर चिमाजींनी वावराच्या कडेला फटाक्यांची एक माळ लावली, तीही मी टिपून घेतली. चिमाजी म्हणजे खंडेरावांच्या वावरात तीस वर्षे राबलेला म्हातारा गडी. बोलायचे कमी. बैलांना मात्र माणसांपेक्षा जास्त ओळखायचे.

तेजस्विनीने वहीत सहा महिन्यांचा बेत लिहिला. माझ्या आवाजाच्या चकतीवर एक ते दहा आकडे होते. पहिले पंधरा दिवस एकवर. पुढचे पंधरा दिवस दोनवर. रोज सकाळी झेंडूच्या गळ्यात दोर, दोर तिच्या डाव्या हातात, उजव्या हाताने माझे बटण. फकिराचा बँड सुरू झाला की लगेच अर्धी भाकरी, दुधात कुस्करलेली. बँड थांबला की भाकरीही संपली. पहिल्या दिवशी झेंडू थरथरत खात होता. दहाव्या दिवशी नुसताच खात होता. संक्रांतीला मी चारवर होतो. शिवरात्रीला सातवर, आणि शेपूट हलत होते.

मग हाराचा सराव. मग अक्षतांचा. हार ओवणाऱ्या बायका रोज त्याच्यावर मूठमूठ तांदूळ टाकत आणि मोठ्याने मंगलाष्टके म्हणत. झेंडू अंगावरचे तांदूळ वेचून खाई. "नवरदेवापेक्षा हाच तयार झाला," बायका म्हणत. मला पुन्हा पदराने पुसले जाऊ लागले. खंडेराव गणेशवाडीच्या फूलबाजारात सांगत फिरत, "आमचं कुत्रं बँडचं शिकलेलं आहे." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मानाचे दिवस. कोणाला गाणे ऐकवले की तो घटकाभर खूश होतो. मी तर एका जिवाचे भय काढले होते.

फाल्गुनात गावात एक लग्न निघाले. वरातीचा बँड वाजला मात्र, झेंडू अंगणातून जो सुटला तो थेट ढोलवाल्यापुढे जाऊन बसला. तोंड वर, जीभ बाहेर, भाकरी कधी येते याची वाट बघत. सगळे गाव हसले. कोणीतरी त्याला पुरी टाकली. म्हणजे त्याचा हिशेब बरोबर आला: जिथे बँड, तिथे खाणे. खंडेरावांनी तर ही गोष्ट आठ दिवस पुरवली.

चिमाजी हसले नाहीत. संध्याकाळी ते तेजस्विनीला म्हणाले, "पोरी, भ्या काढलंस त्याचं, बरं केलंस. पन भ्या हाच त्याचा दोर व्हता. आता हातातला दोर सोडू नको."

"सोडते कशाला, काका? चार महिने माझ्याच हातात आहे."

हे खरे होते, आणि चूक नेमकी तिथेच होती. वहीत सगळे लिहिले होते. पण लग्नाच्या दिवशी नवरीच्या दोन्ही हातांत हार असतो, हे सहा महिन्यांत कोणाच्याच ध्यानात आले नाही.

ते हळदीच्या दिवशी ध्यानात आले. धावपळीत ठरले की दोर चिमाजी धरतील. लग्नाच्या सकाळी तेजस्विनीने हळदीच्या हातांनीच अर्धी भाकरी फडक्यात बांधली आणि आईकडे दिली. "आई, बँड वाजला की लगेच दे. तो वाट बघतो. विसरू नको हं."

"नाय गं विसरत," मालनबाईंनी भाकरी पिशवीत टाकली. पिशवीत आधीच अक्षता, कुंकू, औषधाच्या गोळ्या आणि देण्याघेण्याच्या टोप्या होत्या.

मलाही तेजस्विनीने सासरी न्यायचे ठरवले होते. झेंडूला नव्या घरी करमावे म्हणून. त्यामुळे मी रुखवतात बसलो, पुरणयंत्र आणि कापडी मोर यांच्या मधोमध. "कोनी चाळा करंल, लग्नात मधीच वाजायचं," असे म्हणत मालनबाईंनी माझे चारही सेल काढून त्याच पिशवीत टाकले.

वैशाख. आडगावच्या पुढे आग्रा रोडला, म्हणजे हायवेलाच, लागून असलेले लग्नाचे एक लॉन्स. समोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरे लॉन्स. त्या तिथीला दोन्हीकडे लग्ने. आमचा मुहूर्त बाराचा, समोरचा साडेबाराचा, आणि फकिराने ऑर्डर दोन्हीकडची घेतलेली. इकडचे आटोपले की तिकडे जायचे. लग्नसराईत बँडवाल्याने असे करणे यात नवल काही नाही.

मंगलाष्टके सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला तेजस्विनी, तिच्या पायाशी झेंडू, गळ्यात झेंडूचाच हार, दोर चिमाजींच्या मुठीत. अक्षता पडत होत्या, तो वेचून खात होता. मी वत्सलाबाईंकडे बघत होतो. त्या नवरदेवाकडे बघत नव्हत्या, नवरीकडेही नाही. त्यांचे डोळे कुत्र्यावर.

शेवटचे सावधान झाले. अंतरपाट गेला. फकिराचा बँड फुटला, दारात माळ लागली, माणसांनी टाळ्या पिटल्या. झेंडू हलला नाही, मित्रांनो. कानसुद्धा पाडले नाहीत. त्याने फक्त मान वळवून इकडे पाहिले, तिकडे पाहिले. तो भाकरी शोधत होता.

वत्सलाबाई पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जिंकलीस गं पोरी! यायचं त्यानं आमच्याकडं. मी घेते पदरात." तेजस्विनी रडायलाच लागली. मालनबाईही रडायला लागल्या. त्यांच्या गळ्यात एकामागून एक नणंदा, जावा, विहिणी पडत होत्या आणि पिशवी त्यांच्या काखेत तशीच होती.

बँड वाजायचा थांबला. भाकरी आली नाही. सहा महिन्यांत असे एकदाही झाले नव्हते.

खंडेरावांचा आनंद तर मांडवात मावेना. त्यांनी चिमाजींच्या पाठीवर हात ठेवला. "जा काका, जेवून घ्या. पहिल्या पंगतीला बसा. आज तुमचा मान."

"दोर?"

"मी धरतो ना! आता काय, पास झालाय तो."

चिमाजी गेले. फोटोग्राफर आला. "काका, तो दोर काढा ना. हारावरून फार वाईट दिसतोय."

खंडेरावांनी दोर काढला.

तो फोटो आहे. अल्बमच्या तिसऱ्या पानावर. नवरानवरी समोर बघून हसताहेत, खंडेरावांच्या हातात गुंडाळलेला दोर आहे, आणि झेंडूचे तोंड फाटकाकडे वळलेले आहे. कारण त्याच क्षणी फकिराची माणसे पलीकडच्या लॉन्समध्ये पोहोचली होती आणि तिथे त्यांनी तेच वाजवायला सुरुवात केली होती. तेच क्लॅरिओनेट, तोच ढोल. माझ्या पोटातल्या कॅसेटवर होते, तेच सगळे. झेंडूला वाटले असेल, आपलेच चुकले. भाकरी तिकडे आहे.

तो पळाला नाही, हेही सांगतो. ऐटीत, शेपूट वर करून, बोलावलेल्या पाहुण्यासारखा चालत फाटकाबाहेर गेला.

पंगतीतून चिमाजींनी त्याला पाहिले. ते ताटावरून तसेच उठले. पण फाटकाकडे धावले नाहीत. एवढे लांब आपले पाय पोचणार नाहीत, हे त्यांना कळले. ते माझ्याकडे धावले. कापडी मोर खाली पाडून त्यांनी मला उचलले, आवाजाची चकती दहावर फिरवली आणि वरणभाताच्या हाताने माझे बटण दाबले.

मी वाजलो नाही.

त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा. "वाज रे," ते म्हणाले. "वाज की रे." मी वाजलो असतो, तर तो रस्त्याच्या अलीकडूनच वळला असता. माझ्या आवाजावर तो वावराच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. पण माझे सेल मालनबाईंच्या काखेत होते, भाकरीशेजारी.

हायवेवर ब्रेकचा आवाज आला नाही. ट्रक थांबलाच नाही.

खंडेराव आणि चिमाजींनी त्याला फुलांच्या गोणपाटात घेतले आणि लॉन्समागच्या ओढ्याकाठी पुरले. गळ्यातला हार तसाच होता. भटजींनी दोनदा बोलावणे धाडले, कन्यादान खोळंबले होते. खंडेराव नळावर हात धूत राहिले, धूतच राहिले. मग त्याच हातांनी त्यांनी लेकीचा हात जावयाच्या हातात दिला.

"आई, झेंडू कुठाय?" विधी आटोपल्यावर तेजस्विनीने विचारले.

"टेंपोत बसवला," मालनबाई म्हणाल्या. "पुढं गेला पिंपळगावला." आणि पाठवणीला त्या अशा रडल्या की, बघणाऱ्यांना वाटले, लेकीवर किती जीव आहे.

तेजस्विनी मात्र रडली नाही. गाडीत बसताना ती हसत होती. तिकडे तिचे माणूस आधीच पोचले होते ना.

मी रुखवताच्या टेंपोतून गेलो. पिंपळगावच्या ओसरीवर मला उतरवले, तिथे शेजारीच एक नवे गोणपाट अंथरले होते आणि त्याच्यापुढे जर्मनचे एक ताट होते. वत्सलाबाईंनी लग्नाला निघण्याआधी, सकाळीच, मांडून ठेवलेले. म्हणजे मनातून त्या हरायलाच बसल्या होत्या.

तेजस्विनीने माप ओलांडले, आत आली, गोणपाट पाहिले. "आत्याबाई, कुठं बांधलाय त्याला?"

संतोषने मान फिरवली. वत्सलाबाईंनी तिला खाली बसवले, स्वतः शेजारी बसल्या.

"पोरी, पैज त्यानं जिंकली. पन तो आला नाय." मग त्यांनी सगळे सांगितले, काही न लपवता. "मीच म्हनले व्हते, चाकाखाली जाईल. माझ्या तोंडात किडे पडले असते तर बरं झालं असतं."

तेजस्विनीने ते रिकामे ताट जवळ ओढले. मग तिने एकच विचारले.

"त्याला भाकरी दिली होती का कोणी?"

उत्तर तिसऱ्या दिवशी मिळाले. ती मांडवपरतणीला माहेरी गेली, तेव्हा मालनबाईंनी तिच्यापुढे फडके सोडले. भाकरी वाळून कडक झाली होती, कडेला हळदीची बोटे तशीच होती. हे मला तिनेच सांगितले. म्हणजे सांगितले वत्सलाबाईंना, मी शेजारी होतो.

त्यानंतर मला कोणी वाजवले नाही. पॅकहाउसच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्यामागे सहा वर्षे झाली. कॅसेट अजून पोटात आहे. बटणाच्या फटीत चिमाजींच्या हाताचे भाताचे शीत वाळून दगड झाले आहे, म्हणून आता सेल घातले तरी बटण दबणार नाही. लग्नसराईत हायवेवरून एखादी वरात वाजत गेली की तेजस्विनी खिडकी लावून घेते. आणि वत्सलाबाई, गुडघे धरत, अर्धी भाकरी त्या जर्मनच्या ताटात घालून दारात ठेवतात. ती रस्त्यावरची कुत्री खातात. झेंडूच्या नावावर ती जमा होत नाही.

मित्रांनो, माझे ऐका. मुक्या जिवाला लग्नात न्या, जत्रेत न्या, हौस करा, ती वाईट नाही. पण ज्याची भीती तुम्ही काढून घ्याल, त्याची राखण त्या दिवसापासून तुमच्याकडे आली. त्याला जी सवय लावाल, ती आपल्या गडबडीच्या दिवशीही मोडू नका. तो दिवस गडबडीचा आहे, हे त्याला ठाऊक नसते.

आता शेवटचा हिशेब. अट वत्सलाबाईंची. बेत तेजस्विनीचा. आवाज माझा. दोर सोडला खंडेरावांनी, भाकरी विसरल्या मालनबाई, आणि ज्यांना सगळे कळत होते त्या चिमाजींना आम्ही मानाने जेवायला बसवले. सगळ्यांना थोडे थोडे भरावे लागले, ते अजून भरताहेत. पुरते मात्र त्या एकट्यानेच भरले, ज्याला सुपारीच्या बैठकीत कोणी काही विचारले नव्हते. आणि कबूल केलेली अर्धी भाकरी त्याला मिळायची राहिली, ती राहिलीच.